ठिसूळ मिश्रधातू, योग्य क्रम: चुंबकीय आकारस्मृती कणांच्या संमिश्राचे कोल्हापुरातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या मटेरियल सायन्स प्रयोगशाळेतलं आहे. माणसांची आणि संस्थांची नावं काढली आहेत. बाकीचा घटनाक्रम जसा होता तसाच ठेवला आहे. सह-मार्गदर्शक म्हणून मी या कामात होतो. कोणता निर्णय कोणत्या माहितीवर घेतला गेला हे त्यामुळे जवळून पाहता आलं. या विषयावरचे शोधनिबंध शेवटची पद्धत सांगतात, तिथवर पोचताना कुठे थांबावं लागलं ते सांगत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मिश्रधातू निकेल-मँगनीज-गॅलियम. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कारी उल्लाक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्रधातूच्या एकस्फटिकाची लांबी केवळ चुंबकीय क्षेत्राने सुमारे ०.२ टक्के बदलून दाखवली. पुढच्या काही वर्षांत हा आकडा ६ टक्क्यांवर गेला आणि वेगळ्या रचनेच्या स्फटिकात १० टक्क्यांच्या जवळ पोचला. विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या पायझो सिरॅमिकची लांबी साधारण ०.१ टक्का बदलते, हे लक्षात घेतलं की यात एवढा रस का, ते कळतं.

हे घडतं कसं, ते थोडक्यात. मार्टेन्साइट अवस्थेत (म्हणजे गार झाल्यावरच्या, कमी तापमानातल्या रचनेत) या मिश्रधातूच्या स्फटिकाची एक बाजू उरलेल्या दोन बाजूंपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी आखूड असते आणि चुंबकत्वाला नेमकी तीच दिशा सोयीची असते. स्फटिकात वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले पट्टे असतात, त्यांना ट्विन म्हणतात. बाहेरून क्षेत्र लावलं की ज्या ट्विनची आखूड बाजू क्षेत्राच्या दिशेला आहे तो शेजाऱ्याची जागा खात वाढतो. दोघांमधली सीमा सरकते आणि अख्खा स्फटिक त्या दिशेला आखडतो.

बहुस्फटिकी तुकड्यात मात्र प्रत्येक ग्रेनला, म्हणजे आतल्या प्रत्येक छोट्या स्फटिकाला, शेजारचे ग्रेन अडवतात आणि लांबीतला बदल जवळजवळ शून्यावर येतो. एकस्फटिक वाढवणं महाग आणि वेळखाऊ काम आहे. त्यावर जगभर तीन वाटा धरल्या गेल्या. एक सच्छिद्र फेसासारख्या धातूची, दुसरी बारीक तंतूंची आणि तिसरी म्हणजे मिश्रधातूचे एकस्फटिकी कण करून ते मऊ पॉलिमरमध्ये बसवण्याची. तिसऱ्या वाटेला साधनं सगळ्यांत कमी लागतात, म्हणून आमच्या गटाने ती निवडली. कंपन शोषणारी पट्टी बनवायची आणि जमल्यास चुंबकाने हलणारीही, असं उद्दिष्ट ठरलं. या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहिल्या गेल्या, त्याचे परिणाम पुढे येतील.

गटात तिघंजण होते: एक संशोधक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक सर (त्यांचं बरंच आयुष्य ओतकामाच्या संशोधनात गेलेलं) आणि मी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळूची चाचणी सांभाळणारे एक ज्येष्ठ गृहस्थ पुढे या कामात आले. विद्यार्थिनी त्यांना मामा म्हणायची, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

वितळवायचं कुठे

कोल्हापुरात धातू वितळवायला जागा नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर, जिकडे बघावं तिकडे भट्ट्या. तरीही हा पहिला प्रश्न सोपा नव्हता.

फौंड्रीची इंडक्शन भट्टी लगेच बाद झाली. आकार हे एक कारण होतंच, पण खरी अडचण अस्तराची होती. इथल्या बहुतेक भट्ट्यांचं अस्तर सिलिकाचं. वितळलेलं मँगनीज सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्या बदल्यात सिलिकॉन धातूत शिरतं. ओतीव लोखंडात हे चालून जातं, पण इथे रचना एका अणुटक्क्यापर्यंत सांभाळायची होती.

दुसरा पर्याय गुजरीत आणि हुपरीत चांदी गाळायला वापरतात त्या छोट्या इंडक्शन भट्टीचा. आकार योग्य, माणसं ओळखीची, भाडंही परवडणारं. पण तिथली क्रुसिबल ग्रॅफाइटची. निकेल आणि मँगनीज दोन्ही वितळलेल्या अवस्थेत कार्बन विरघळवून घेतात. शिवाय वर उघडी हवा. सरांनी आत अॅल्युमिनाची क्रुसिबल ठेवून वरून आर्गॉन सोडायचं सुचवलं होतं. ते करता आलं असतं, पण वाहत्या आर्गॉनखाली मँगनीज किती उडेल याचा अंदाज बांधणं अवघड होतं.

शेवटी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतली आर्क भट्टी ठरली. पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या ताटलीवर, आर्गॉनमध्ये, विजेच्या ठिणगीने छोटी बटणं वितळवायची. क्रुसिबलच नाही, म्हणून तिच्यातून काही मिसळायचा प्रश्नही नाही. शेजारी टायटॅनियमचा तुकडा आधी वितळवून घ्यायचा, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो पिऊन टाकतो.

हा निर्णय बरोबरच होता, असं मला आजही वाटतं. त्याची किंमत मात्र प्रवासाची होती. प्रत्येक वितळण आधीपासून आखून जावं लागायचं.

ठरवलेली रचना अणूंच्या हिशोबात निकेल ५०, मँगनीज २९, गॅलियम २१. वजनात ती सुमारे ४९.०, २६.६ आणि २४.४ टक्के भरते. म्हणजे २० ग्रॅमच्या बटणाला ९.८० ग्रॅम निकेल, ५.३२ ग्रॅम मँगनीज आणि ४.८९ ग्रॅम गॅलियम. त्यावर मँगनीज थोडं जास्तीचं, कारण ठिणगीखाली तेच उडतं. तुकडे रचतानाही एक पद्धत पाळावी लागते. मँगनीज खाली, निकेल वर, म्हणजे ठिणगी आधी निकेलला लागते आणि मँगनीज त्याच्या द्रवात विरघळतं. बटण उलटं करून पुन्हा पुन्हा वितळवलं नाही, तर खालचा भाग एका रचनेचा आणि वरचा दुसऱ्या रचनेचा राहतो.

विद्यार्थिनीने सुरुवातीपासून एक सवय पाळली, ती मी सगळ्यांना सांगतो. वितळण्याआधीचं आणि नंतरचं वजन ती लिहून ठेवायची. घटलेलं वजन जवळजवळ सगळं मँगनीजचं असतं. हा हिशोब फुकटात मिळतो आणि त्यावरून कुठलं बटण ठेवायचं हे त्याच दिवशी ठरवता येतं.

गॅलियमबद्दलही थोडं. त्याचा द्रवणांक २९.७६ अंश. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये ते बाटलीत द्रव होऊन बसतं आणि रात्री गोठताना फुगतं, म्हणून काचेची बाटली चालत नाही, पॉलिथिनचीच हवी. अॅल्युमिनियमचा चमचा किंवा फॉइल त्याच्याजवळ आणायचं नाही. गॅलियम अॅल्युमिनियमच्या ग्रेनच्या सीमांमधून आत शिरतं आणि धातू हाताने मोडण्याइतका कमजोर होतो. जगातलं बहुतेक प्राथमिक गॅलियम चीनमध्ये तयार होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून तिथून निर्यातीला परवाना सक्तीचा झाला, आणि त्यानंतर प्रत्येक ग्रॅम जपून वापरायची वेळ आली. पुढचे काही निर्णय याच दबावाखाली घेतले गेले.

अडचण

पहिली बटणं हिऱ्याच्या चकतीवर कापायला घेतली आणि कापतानाच फुटली. काही बटणांना ताटलीवर गार होतानाच तडे गेले होते. सरांची प्रतिक्रिया ओतकामातल्या माणसाला शोभेल अशीच होती.

"अगं, हे आधी चिवट कर. हातात टिकत नाही त्याचं पुढे काय करणार?"

या शहराचा धातूंचा सगळा अनुभव त्या वाक्यात होता. इथल्या फौंड्र्यांनी साध्या करड्या ओतीव लोखंडावरून एसजी आयर्नपर्यंतचा प्रवास केला. मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे पापुद्रे गोलाकार केले आणि ठिसूळ माल चिवट केला. ठिसूळपणा हा दोष, तो काढायचा, ही शिस्त रक्तात भिनलेली. त्यामुळे गटाने पहिले काही महिने ठिसूळपणा हीच अडचण धरून काम केलं.

त्याच सुमारास, बटणं फुटतातच तर पावडर तरी करून पाहू, म्हणून काही तुकडे बॉल मिलमध्ये घातले गेले. पावडर छान, बारीक, एकसारखी निघाली. ती कठीण इपॉक्सीत बसवून पहिली पट्टीही तयार झाली. चुंबक जवळ नेला तर पट्टी ओढली जायची, पण आकारात काहीच बदल नाही आणि कंपन शोषणंही साध्या इपॉक्सीइतकंच.

डीएससीचा (तापवताना आणि गार करताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख आला तेव्हा खरी अडचण दिसली. मार्टेन्साइट बनताना उष्णतेचा जो उंचवटा दिसायला हवा, तो पावडरीत नव्हताच. एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत, रेषा रुंद आणि बसक्या. गोळ्यांच्या माराने स्फटिकाच्या आतली अणूंची शिस्त मोडली होती. या मिश्रधातूचं चुंबकत्व आणि आकारस्मृती (आकार बदलून परत मूळ आकारात येण्याचा गुण) दोन्ही त्या शिस्तीवर उभे आहेत. निकेल, मँगनीज आणि गॅलियम आपापल्या ठरलेल्या जागी बसलेले असतील तरच तो ह्यूस्लर मिश्रधातू. जागा विस्कटल्या की उरते ती नुसती धातूची पूड. त्यात भर म्हणजे स्टीलच्या गोळ्यांचं लोखंडही पावडरीत उतरलं होतं.

म्हणजे बटण ठिसूळ म्हणून नकोसं आणि पावडर निर्जीव म्हणून नकोशी, अशा जागी काम येऊन थांबलं.

समोरचे पर्याय

सरांचा कल मिश्रधातूत थोडं लोह किंवा कोबाल्ट घालण्याकडे होता. ही कल्पना निराधार नाही. अशा भरीने गॅमा नावाची मऊ अवस्था ग्रेनच्या सीमांवर तयार होते आणि मिश्रधातू खरोखर चिवट होतो. पण गॅमा अवस्थेला आकारस्मृती नाही. ती ट्विनच्या सीमांना अडवते. चिवटपणा मिळतो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच कमी होतं. अखंड तुकडा वापरायचा असता तर ही तडजोड समजू शकलो असतो. आपल्याला हवे होते कण.

दुसरा पर्याय, बॉल मिल ठेवायची आणि नंतर पावडर तापवून शिस्त परत आणायची. हे होतं, साहित्यात त्याचे बरेच दाखले आहेत. मात्र विस्कटलेली रचना पूर्ण बसवायला जास्त तापमान लागतं. त्या तापमानात बारीक कण एकमेकांना चिकटतात, आणि कणाचा पृष्ठभाग जितका जास्त तितकं मँगनीज ऑक्सिजन पकडतं. शिवाय शिरलेलं लोखंड तसंच राहतं.

द्रवाचे थेंब वायूच्या झोताने फोडून गोल कण करायचे किंवा विजेच्या ठिणगीने कण झिजवायचे, या दोन पद्धतींची यंत्रं आमच्या आवाक्यात नव्हती. त्यांचा विचार तिथेच थांबला.

चौथा पर्याय विद्यार्थिनीकडून आला आणि तो एका साध्या निरीक्षणातून आला. फुटलेल्या बटणाचा तुटलेला पृष्ठभाग तिने एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) ठेवला. पृष्ठभाग खडीसाखरेसारखा होता, सपाट, चकचकीत, कोनाकोनांचा. तडा ग्रेनच्या आतून गेला नव्हता, दोन ग्रेनच्या मधल्या सीमेवरून गेला होता. याचा अर्थ मिश्रधातू जिथे मोडतो, तिथेच त्याचे एकस्फटिकी तुकडे सुटे होतात. ग्रेन पुरेसे मोठे वाढवले आणि हलक्या हाताने फोडले, तर प्रत्येक कण आपोआप एकस्फटिक. ज्याला गट दोष मानत होता, तेच कण बनवायचं साधन होऊ शकत होतं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण हाच. तो कुठल्या महागड्या चाचणीतून आला नाही. तुटलेल्या मालाकडे, तो टाकून देण्याआधी, नीट पाहण्यातून आला. त्या बैठकीत सरांनी जुना आग्रह लगेच सोडला, हेही नोंदवायला हवं. "मग क्रम उलटा करायचा. आधी भट्टी, मग खल," एवढंच ते म्हणाले, आणि पुढच्या वितळणीची तारीख ठरली.

काय केलं

नव्या क्रमात पहिली पायरी लांब ॲनीलिंगची, म्हणजे न वितळवता बराच वेळ तापवून ठेवण्याची. बटण क्वार्ट्झच्या नळीत निर्वात करून, थोडा आर्गॉन भरून, वितळवून बंद करायचं. १००० अंशांवर दोन-तीन दिवस, म्हणजे रचना सगळीकडे सारखी होते आणि ग्रेन वाढतात. मग ८०० अंशांच्या खाली आणून बराच वेळ ठेवायचं आणि हळू गार करायचं, म्हणजे अणूंची शिस्त लागते. ती शिस्त लागण्याचं तापमान ८०० अंशांच्या आसपास आहे, म्हणून १००० अंशांवरून एकदम बाहेर काढून चालत नाही.

यात पावसाळा आडवा आला. वीज गेली, भट्टी मधेच गार झाली, वीज आल्यावर पुन्हा तापवली. नळी उघडली तेव्हा बटणावर हिरवट, मळकट थर. मँगनीज ऑक्साइडचा तो रंग. कारण शोधताना कळलं की मँगनीजच्या वाफेने क्वार्ट्झ आतून पांढरं, धूसर झालं होतं. असं स्फटिकासारखं झालेलं क्वार्ट्झ २०० ते ३०० अंशांच्या टप्प्यातून गार होताना तडकतं. त्या तड्यातून हवा आत गेली आणि दुसऱ्यांदा तापवताना बटण जळलं. नळी डोळ्यांना शाबूत वाटली होती. त्यानंतर बटण टँटलमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून अॅल्युमिनाच्या होडीत ठेवलं जाऊ लागलं, म्हणजे वाफ आणि क्वार्ट्झ यांची थेट गाठ पडत नाही. वीज गेली तर नळी तपासल्याशिवाय भट्टी पुन्हा लावायची नाही, असाही नियम झाला.

दुसरी पायरी फोडण्याची. ठोकण्याआधी बटणाला सैल करण्यासाठी मिश्रधातूचाच गुण वापरला. ठरवलेल्या रचनेचा मार्टेन्साइट बदल खोलीच्या तापमानाच्या थोडा वर घडतो. म्हणून बटण उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, आळीपाळीने. दर फेरीत प्रत्येक ग्रेन आपापल्या दिशेने आकार बदलतो, शेजाऱ्याशी त्याचं जमत नाही आणि ताण सीमांवर साठतो. काही फेऱ्यांनंतर बटण खलात टाकून नुसतं दाबलं तरी सुटं होतं. कुटायचं नाही, दाबायचं. नंतर अल्कोहोलने धुऊन लगेच कोरडं करायचं.

तिसरी पायरी चाळण्याची, आणि इथे मामा आले. फौंड्रीच्या वाळू-चाचणीच्या खोलीत चाळण्यांचा संच असतोच, १७०० मायक्रॉनपासून ५३ पर्यंत उतरत जाणारा, हलवणाऱ्या यंत्रासकट. प्रयोगशाळेला तो विकत घेण्याची गरज नव्हती. विद्यार्थिनीने कामाचं स्वरूप सांगितलं तेव्हा मामांना आधी पटेना.

"ठिसूळ माल म्हणजे आमच्याकडं सरळ रिजेक्शनच्या ढिगात, ताई. तुम्ही त्योच जपून ठेवलायसा व्हय?"

"मामा, तो कुठनं फुटतोय तेच तर आम्हाला हवंय."

ते समजल्यावर त्यांनी दिलेला सल्ला कुठल्याही शोधनिबंधात सापडला नसता. चाळणी कितीही घासली तरी जाळीत वाळूचे कण राहतात आणि खोलीच्या हवेत शॉट ब्लास्टिंगची लोखंडी धूळ असते, ती तुमच्या मालात येणार, तिचं काय करायचं ते आधी ठरवा. वाळूचा प्रश्न सोपा होता. मिश्रधातू खोलीच्या तापमानाला लोहचुंबकी आहे, चुंबकाने तो उचलला की वाळू खाली राहते. पण लोखंडाची धूळही त्याच चुंबकाला चिकटणार.

यावर उपाय क्युरी तापमानाचा. हा मिश्रधातू सुमारे १०० अंशांपाशी आपलं लोहचुंबकत्व गमावतो, लोखंड ७७० अंशांपर्यंत टिकवतं. पावडर तव्यावर १२० ते १३० अंशांपर्यंत तापवायची आणि वरून चुंबक फिरवायचा. लोखंड वर येतं, मिश्रधातू तव्यावर पडून राहतो. चुंबक साधा फेराइटचा घ्यायचा, कारण नेहमीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कमजोर होऊ लागतात. खलाच्या पोलादाचे कणही याच पद्धतीने निघाले. हे करताना विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आठवतो. पुस्तकातला एक तापमानाचा आकडा तिच्या समोर काम करत होता.

१०६ मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेला आणि ५३ वर थांबलेला माल ठेवला. वाढवलेले ग्रेन याहून बरेच मोठे असल्याने हे कण बहुतांशी एकस्फटिकी निघतात. त्याहून बारीक पूड बाजूला काढली. तिच्यात ताण आणि ऑक्साइड दोन्ही जास्त, आणि सुकी बारीक धातूची पूड पेट घेऊ शकते, म्हणून ती अल्कोहोलखाली ठेवली. मँगनीजची धूळ आणि वाफ मज्जासंस्थेला घातक आहे. मास्क आणि हवेचा झोत याबाबत सरांनी कुणालाही सवलत दिली नाही. राहिलेला ताण काढायला निवडलेले कण ५०० अंशांच्या आसपास थोडा वेळ, बंद नळीत, टायटॅनियमच्या तुकड्यासोबत ठेवले. एवढ्या तापमानात ते चिकटत नाहीत.

चौथी पायरी पॉलिमरची. चुंबकीय क्षेत्र या मिश्रधातूत जास्तीत जास्त सुमारे ३ मेगापास्कल ताण निर्माण करू शकतं. कठीण इपॉक्सीचा मापांक (ताठपणाचं माप) साधारण ३ गिगापास्कल. तेवढा ताण इपॉक्सीला ०.१ टक्का दाबेल, ६ टक्क्यांची गोष्टच नको. पहिली पट्टी का हलली नाही, याचं अर्धं उत्तर या भागाकारात होतं. म्हणून सिलिकॉन रबर घेतलं.

मग कण किती घालायचे? आकारमानाने ३० टक्के ठरले. मिश्रधातूची घनता सुमारे ८ आणि रबराची १ च्या आसपास, त्यामुळे वजनात ते पाऊण हिस्सा होतात. असे जड कण पातळ रबरात तळाशी बसतात. साचा हळूहळू फिरवत ठेवून आणि लवकर घट्ट होणारं रबर निवडून हे आवरलं.

घट्ट होताना साचा दोन चुंबकांमध्ये ठेवायचा, म्हणजे कण रांगेत येतात आणि त्यांची आखूड बाजू क्षेत्राच्या दिशेला वळते. इथे निर्णयाची आणखी एक जागा आली. ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं तर काम पटकन उरकतं, आणि पहिले नमुने तसेच केले गेले. एक्सआरडीत त्यांच्यात दिशा दिसलीच नाही. ८० अंशांवर मिश्रधातू ऑस्टेनाइट या जास्त तापमानातल्या अवस्थेत असतो, घनाकार, कुठल्याच एका दिशेचा खास आग्रह नसलेला, आणि क्युरी तापमानही जवळ आल्याने चुंबकत्व क्षीण. कण रांगेत आले, पण त्यांचे स्फटिक वळले नाहीत. खोलीच्या तापमानाला, मार्टेन्साइट अवस्थेत, रात्रभर ठेवलेल्या नमुन्यांत दिशा स्पष्ट दिसली.

निष्पत्ती

नव्या कणांच्या डीएससी आलेखात उंचवटा परत आला, खोलीच्या तापमानाच्या थोडा वर, जिथे हवा होता तिथेच. व्हीएसएम या चुंबकन मोजणाऱ्या उपकरणात पहिल्यांदा क्षेत्र वाढवताना चुंबकन एका टप्प्यावर झपकन चढतं आणि दुसऱ्या फेरीत तसं चढत नाही. ट्विनच्या सीमा सरकल्याची ही ओळखीची खूण. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीच्या पृष्ठभागावरच्या काही कणांत क्षेत्राची दिशा बदलल्यावर पट्टे सरकलेले दिसले. सगळ्या कणांत नाही.

कंपनाच्या चाचणीत पट्टीचं एक टोक धरून दुसरं छेडलं आणि कंपन किती लवकर मावळतं ते पाहिलं. तुलनेला त्याच आकारमानाची लोखंडी पूड घातलेली सिलिकॉनची पट्टी होती. मिश्रधातूच्या पट्टीतलं कंपन आधी मावळलं. गरम हवेने पट्टी मार्टेन्साइट तापमानाच्या वर नेली की दोन पट्ट्यांतला फरक आटला. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटतो, कारण फरक ट्विनमुळेच आहे हे तो दाखवतो.

चुंबकाने हलणारी पट्टी मात्र झाली नाही. लांबीतला एकूण बदल गोंगाटातून जेमतेम वेगळा काढता येईल इतकाच होता. प्रबंधात तो तसाच लिहिला गेला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट उद्दिष्टाची. हलणारी पट्टी आणि कंपन शोषणारी पट्टी यांना वेगळं रबर लागतं. हलायचं असेल तर आवरण इतकं मऊ हवं की कणाचा क्षीण ताण त्याला ढकलू शकेल. कंपन शोषायचं असेल तर बाहेरचा धक्का कणापर्यंत पोचवण्याइतकं ते ताठ हवं, नाहीतर रबरच सगळं वाकतं आणि कण आत स्वस्थ बसून राहतो. आमचं सिलिकॉन पहिल्या कामाकडे झुकलेलं होतं आणि मोजमाप मुख्यतः दुसऱ्याचं झालं. मधल्या ताठपणाचं पॉलीयुरेथेन सुरुवातीलाच समांतर घेतलं असतं, तर कंपनाचा निकाल आणखी ठळक आला असता, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट बटणांची सरमिसळ. गॅलियम महाग, प्रत्येक बटण छोटं, म्हणून पुरेसा माल जमवायला वेगवेगळ्या बटणांचे कण एकत्र केले गेले. या मिश्रधातूत गॅलियमच्या जागी एखादा अणुटक्का निकेल किंवा मँगनीज जास्त गेलं तरी मार्टेन्साइट तापमान कित्येक दहा अंशांनी चढतं. त्यामुळे मिसळलेल्या मालात काही कण खोलीच्या तापमानाला तयार तर काही नाहीत. काही कणच का हलले, याचं एक कारण नक्कीच हे आहे. प्रत्येक बटणाचा डीएससी आलेख आधी काढून, जुळणारी बटणंच एकत्र करणं शक्य होतं. त्याला काही मिलिग्रॅम माल आणि थोडा वेळ लागला असता. वजन-घटीची वही हाताशी असल्याने न जुळणारी बटणं शोधायची सोयही होती.

तिसरी गोष्ट तुलनेच्या पट्टीची. लोखंडी पुडीची पट्टी उशिरा आली. त्याआधी नुसत्या रबराशी तुलना होत होती, आणि कुठलीही पूड घातली तरी रबराचं कंपन बदलतं. ती तुलना पहिल्या दिवसापासून असती, तर इपॉक्सीच्या पट्टीवर खर्च झालेला वेळ बराच वाचला असता.

चिवटपणाच्या मागे गेलेल्या महिन्यांबद्दल माझं मत सरांपेक्षा थोडं वेगळं आहे. ते तो काळ वाया गेला असं मानतात. मला वाटतं, लोह घालण्याचा विचार कागदावर नीट तपासला गेला म्हणूनच तो ठामपणे सोडता आला. नाहीतर पुढच्या प्रत्येक तड्याला तो पुन्हा डोकं वर काढत राहिला असता. मात्र तुटलेल्या तुकड्याचा एसईएम फोटो पहिलं बटण फुटलं त्याच आठवड्यात काढायला हरकत नव्हती. उपकरण होतं, तुकडेही होते.

सध्या विद्यार्थिनी आधी डीएससी केलेल्या, जुळणाऱ्या बटणांचे कण पॉलीयुरेथेनमध्ये बसवते आहे. चाळायचं काम अजूनही शिरोलीच्या त्याच खोलीत होतं. मामांनी या कामासाठी १०६ आणि ५३ मायक्रॉनच्या दोन चाळण्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत आणि त्यात वाळू घालायला त्यांनी सगळ्यांना मनाई केली आहे.